गाडी तापते ती नेमकी कधी? जुन्या गाडीचं गरम इंजिन आणि कूलिंग फॅन तपासताना

माझी जुनी गाडी तापायला लागली तेव्हा मी आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारा झडपेसारखा भाग) बदलला. मग रेडिएटर, म्हणजे पाणी गार करणारी पुढची जाळी, उतरवून साफ करून आणला. मग रेडिएटरचं झाकण नवीन घेतलं. तापमानाचा काटा मात्र सिग्नलला उभं राहिलं की चढायचा तो चढायचाच. शेवटी दोष निघाला तो फॅनच्या निगेटिव्ह वायरीत. ही वायर बॉडीला ज्या बोल्टने आवळली होती, त्याच्याखाली गंजाचा थर होता. तारेच्या ब्रशने दोन मिनिटं घासलं आणि काटा जागेवर आला. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

मी एक प्रश्न आधी विचारला असता तर सुट्या भागांवरचा सगळा खर्च वाचला असता. गाडी तापते ती कधी? उभी असताना, की पळताना? खालची सगळी तपासणी याच प्रश्नावर उभी आहे, म्हणून पाना हातात घेण्याआधी दोन-तीन दिवस गाडी चालवून काटा कधी चढतो याची नोंद ठेवा. (काटा लाल पट्ट्याकडे जात असेल तर अर्थात गाडी थांबवायची, नोंदी नंतर.)

काटा कधी चढतो

गाडी ताशी साठ-सत्तरच्या वेगाने जाते तेव्हा समोरून येणारा वारा रेडिएटरला पुरतो. त्या वेळी इलेक्ट्रिक फॅन बंद असला तरी बहुतेक गाड्यांना काही फरक पडत नाही. त्यामुळे गर्दीत काटा वर जातो आणि मोकळ्या रस्त्यावर खाली येतो, असं असेल तर संशय हवेवर: फॅन, फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण, किंवा एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे बसणारी एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामध्ये साचलेला कचरा.

उलट, गर्दीत ठीक आणि लांबच्या चढावर किंवा जोरात पळवताना तापत असेल, तर फॅनला हात लावू नका. तिथे पाणी पुरेसं फिरत नाही. रेडिएटरच्या नळ्या आतून क्षाराने बुजल्या असतील, वॉटर पंपाची पाती झिजली असतील, थर्मोस्टॅट अर्धाच उघडत असेल, किंवा खालचा होज पाईप (रेडिएटरचा रबरी पाईप) जास्त आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरताना, आत चेपला जात असेल.

थंड इंजिन चालू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा झपाट्याने वर गेला तर तीनच शक्यता धरा: कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कमी आहे, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय.

आणि काटा एकदम वर, मग एकदम खाली, पुन्हा वर? असा झोका बहुतेक वेळा आत हवा अडकल्याचं लक्षण असतो. सेन्सरच्या टोकाला पाणी लागलं की तो तापमान सांगतो. हवेचा बुडबुडा आला की काहीतरीच दाखवतो. म्हणून उकळी फुटलेली असताना काटा अचानक खाली आला तर खूश होऊ नका. पाणी संपलेलंही असू शकतं.

काटा खरं बोलतोय का

जुन्या गाडीत हे आधी बघावं. सेन्सर म्हातारा झाला, वायरिंगला गंज लागला की काटा खोटं बोलतो. हातात धरायचं इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतं. ते थर्मोस्टॅटच्या घराजवळ आणि वरच्या होज पाईपच्या तोंडाशी रोखा. चकचकीत अॅल्युमिनिअमवर हे यंत्र बरंच कमी आकडा दाखवतं, म्हणून तिथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोजा. ८५ ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान आकडा असेल तर इंजिन तापलेलंच नाही. तिथे सेन्सर, गेज किंवा त्यांचं अर्थिंग (बॉडीला जाणारी निगेटिव्ह जोडणी) बघा.

सुरुवात थंड इंजिनापासून

गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरीही दरवर्षी कुणीतरी हात भाजून घेतं. कारण नीट समजलं की मोह होत नाही. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. झाकण आतला दाब साधारण ०.९ ते १.१ बारने वाढवतं, त्यामुळे तेच पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, आणि पाणी-कूलंटचं निम्मं-निम्मं मिश्रण १३० अंशांच्या जवळ. म्हणजे ११० अंशांचं शांत दिसणारं पाणी झाकण उघडताक्षणी दाब सुटून वाफ होऊन अंगावर येतं. वरचा होज पाईप हाताने सहज दाबता येईपर्यंत थांबा.

दुसरी सावधगिरी फॅनची. बऱ्याच गाड्यांत इग्निशन बंद असलं तरी तो अचानक फिरायला लागतो. त्याच्या पात्यांजवळ हात घालायचा असेल तर त्याचा कनेक्टर काढून ठेवा. आणि निथळलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका. चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि ते विष आहे.

आता झाकण उघडा. पाणी गळ्यापर्यंत आहे का? रेडिएटरला जोडलेली कूलंटची प्लॅस्टिकची बाटली नुसती बघून समाधान मानू नका. झाकणाचा लहान व्हॉल्व्ह निकामी झाला की गाडी थंड होताना बाटलीतलं कूलंट परत रेडिएटरमध्ये ओढलं जात नाही. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असा प्रकार होतो. त्याची दुसरी खूण म्हणजे गाडी थंड झाल्यावर होज पाईप चपटे झालेले दिसतात. झाकणाचं रबर कडक झालं असेल, त्यावर चीर असेल तर झाकण बदला. गाडीला जेवढ्या दाबाचं सांगितलंय तेवढ्याच दाबाचं घ्या. जास्त दाबाचं लावलं की जुना रेडिएटर कुठेतरी फुटतो.

पाण्याचा रंग बघा. गंजकट तांबडं असेल तर आत कुणीतरी वर्षानुवर्षं साधं पाणी भरत आलंय. वर तेलाची साय दिसली तर प्रकरण गंभीर आहे. त्याकडे हेड गॅस्केटच्या भागात येऊ.

मग गळती. कूलंट वाळलं की हिरवट, गुलाबी किंवा पांढरट डाग ठेवून जातं. क्लॅम्पखाली, रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीच्या सांध्यावर, वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी बघा. पंपाचं सील गेलं की पाणी बाहेर यावं म्हणूनच ते भोक ठेवलेलं असतं, ते बुजवू नका. गाडीत पायाशी ओल आणि काचेवर आतून चिकट धुकं असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. यातलं काहीच सापडलं नाही आणि तरीही पाणी कमी होत असेल तर हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावून थंड इंजिनात झाकणावर लिहिलेला दाब द्या आणि पंधरा मिनिटं सुई बघत बसा. गरम इंजिनात थेंब पडताक्षणी वाळतो, थंड इंजिनात तो दिसतो.

पंपाचा पट्टाही याच वेळी बघून घ्या. जुन्या पद्धतीचा व्ही-पट्टा असेल तर लांब भागात अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर दबावा.

फॅन: इथे घाई नको

सर्वात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सावकाश.

इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन फिरतो. फिरला तर मोटर जिवंत आहे आणि दोष तापमान ओळखणाऱ्या बाजूला, म्हणजे स्विच, सेन्सर किंवा त्यांच्या रिलेकडे (छोट्या करंटवर फॅनची मोठी वीज जोडणारा स्विच) आहे. मात्र काही गाड्यांत दोन फॅन असतात, एक कंडेन्सरचा आणि एक रेडिएटरचा. नेमका कोणता फिरतोय ते वाकून बघा.

फिरलाच नाही, तर कनेक्टर काढून पातं हाताने फिरवून बघा. जड जात असेल, खरखरत असेल किंवा दांडा हलत असेल तर मोटरचे बुश (दांड्याला आधार देणाऱ्या कड्या) संपलेत. सहज फिरत असेल तर मोटरला बॅटरीवरून थेट वीज द्या. जाड वायर घ्या आणि पॉझिटिव्ह वायरीत ३० अँपिअरचा फ्यूज टाका, कारण असा फॅन १० ते २० अँपिअर सहज ओढतो. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटं लावू नका. फॅन फिरेल, पण वारा उलट्या दिशेला फेकेल. मोटर दुरुस्त होऊन आल्यावर कनेक्शन उलटं बसलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. फॅन जोरात फिरतोय आणि गाडी तरीही तापतेय, सगळे बुचकळ्यात! रेडिएटरवर कागदाचा तुकडा धरा. फॅन रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला असेल तर समोरून लावलेला कागद जाळीला चिकटायला हवा.

थेट विजेवर मोटर रखडत असेल, किंवा मोटरच्या बुडावर हलकी टिचकी मारल्यावरच सुरू होत असेल तर कार्बन ब्रश झिजलेत. नवीन मोटर घ्या, टिचकीच्या भरवशावर गाडी बाहेर काढू नका.

मोटर चांगली निघाली म्हणजे वीज तिच्यापर्यंत पोचत नाही. इथे मल्टीमीटर फसवतो. दहा तारांपैकी नऊ तुटल्या तरी उरलेल्या एका तारेतून तो १२ व्होल्ट दाखवतो, कारण त्याला स्वतःला करंट जवळजवळ लागतच नाही. त्यामुळे फॅनच्या कनेक्टरला हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब जोडा. बल्ब लख्ख पेटला तर वायरिंग ठीक, मिणमिणला तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. अडथळा कुठे आहे हे शोधायला कनेक्टर परत लावा, फॅन चालू ठेवा, मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं फॅनच्या निगेटिव्ह वायरीला मागच्या बाजूने टोचा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. माझ्या गाडीत इथे तीन व्होल्टच्या वर आकडा होता. हीच चाचणी पॉझिटिव्ह बाजूला बॅटरीपासून फॅनपर्यंत करा. कनेक्टर वितळलेला, तपकिरी पडलेला असेल तर मोजायचीही गरज नाही. नुसता कनेक्टर बदलून भागेल का, की मोटरच जास्त करंट ओढतेय, हे मात्र तपासा. नाहीतर नवा कनेक्टरही वितळेल.

वीज मुळातच येत नसेल तर फ्यूज, मग रिले. फ्यूज डोळ्यांनी बघून सोडू नका, काही फ्यूज पायाशी तुटतात. दोन्ही बाजूंनी टेस्टर लावा. रिलेच्या पायांवर आकडे असतात: ८५ आणि ८६ म्हणजे आतलं कॉइल, ३० म्हणजे येणारी वीज, ८७ म्हणजे फॅनकडे जाणारी. त्याच पेटीतला तसाच दुसरा रिले (बहुतेकदा हॉर्नचा) अदलाबदल करून बघणं सर्वात सोपं. अदलाबदलीनेही फॅन लागला नाही तर रिले काढून ३० आणि ८७ च्या खाचा जाड वायरीने क्षणभर जोडा. आता फॅन फिरला तर रिलेपुढची वाट साफ आहे, रिलेला हुकूमच मिळत नाही.

हुकूम कोण देतं? जुन्या गाड्यांत रेडिएटरवर बसवलेला थर्मोस्विच. त्यावर ९५-९० किंवा ९२-८७ असे आकडे कोरलेले असतात. पहिल्याला फॅन चालू, दुसऱ्याला बंद. इग्निशन चालू ठेवून त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडा. फॅन फिरला तर स्विच संशयित. पण थांबा. स्विचपर्यंत गरम पाणी पोचतच नसेल तर तो बिचारा काय करणार? थर्मोस्टॅट अडकलाय किंवा रेडिएटरमध्ये हवा आहे, अशा वेळी इंजिन उकळतं आणि रेडिएटर थंडच राहतो. फॅन लागत नाही म्हणून लोक स्विच बदलतात. स्विचजवळ थर्मामीटर धरा. तिथे १०० अंश झाले आणि तरीही फॅन नाही, तरच स्विचला दोष द्या.

त्यानंतरच्या गाड्यांत हुकूम ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) देतो, इंजिनवरच्या सेन्सरचं ऐकून. तिथे सेन्सरचा कनेक्टर इंजिन चालू असताना काढा. बऱ्याच गाड्या खबरदारी म्हणून लगेच फॅन चालू करतात. तसं झालं तर ईसीयूपासून फॅनपर्यंतचा रस्ता ठीक आहे. सेन्सरचा रोध मोजायचा असेल तर अनेक गाड्यांत तो २० अंशांना दोन ते तीन हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास असतो.

दोन वेगांच्या फॅनचं एक खास दुखणं आहे. कमी वेगासाठीचा रेझिस्टर जळला की पहिला वेग जातो आणि फॅन थेट दुसऱ्या, जास्त तापमानालाच दणक्यात सुरू होतो. मग काटा मध्यापासून बराच वर जातो आणि पुन्हा खाली येतो. फॅन चालतोय म्हणून मालक निर्धास्त, आणि दोष तसाच राहतो.

पट्ट्यावर चालणारा, व्हिस्कस क्लचचा (आतल्या घट्ट तेलाने पकड घेणारा) फॅन असेल तर इंजिन गरम करून बंद करा आणि पातं हाताने ढकला. गरम असताना ते जड जायला हवं. मोकळं गरगरत राहिलं, किंवा क्लचच्या मध्यभागी तेलकट धूळ जमलेली दिसली, तर आतलं सिलिकॉन तेल गेलंय.

फॅनभोवतीचं आवरण तुटलंय म्हणून काढून टाकलेल्या गाड्याही खूप असतात. आवरण नसेल तर फॅन जाळीच्या फक्त समोरच्या गोलातून वारा ओढतो, कोपरे तसेच तापत राहतात. तेवढ्यानेही गर्दीत काटा चढतो.

फॅन निर्दोष निघाला तर

थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाण्यात टांगा आणि शेजारी थर्मामीटर धरा. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असेल. त्याच्या आसपास तो उघडायला लागावा आणि पाणी उकळेपर्यंत जवळजवळ पूर्ण उघडावा. थर्मोस्टॅट कायमचा काढून गाडी चालवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. मला तो अजिबात पटत नाही. इंजिन गारठतं, पेट्रोल जास्त जातं, आणि काही इंजिनांत पाणी आतल्या आतच फिरून उलट जास्त तापतं.

रेडिएटर तपासायला गाडी गरम करून बंद करा आणि जाळीवर थर्मामीटर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरवा. पाणी आत येतं त्या बाजूकडून बाहेर जातं त्या बाजूकडे तापमान हळूहळू उतरायला हवं. मध्येच एखादा पट्टा एकदम थंड लागला तर तिथल्या नळ्या बुजल्यात. बाहेरून धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा, आणि जोराचा फवारा नको, पातळ पापुद्रे वाकतात.

खालचा होज पाईप बघायला मदतीला कुणाला तरी गाडीत बसवून इंजिन तीन हजार आरपीएमपर्यंत न्या. पाईप आत चेपला तर तो बदला. आतली स्प्रिंग गंजून गेलेली असते. अर्थात रेडिएटर बुजलेला असला तरीही असंच होतं, म्हणून आधी रेडिएटर बघून घ्या.

कूलिंगचं सगळं नीट असूनही इंजिन तापत असेल तर ब्रेक धरून राहतोय का, क्लच घसरतोय का, इग्निशनचं टायमिंग मागे गेलंय का, हेही विचारात घ्या. गाडी चालवून आल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम लागलं तर उत्तर तिथेच आहे.

हेड गॅस्केटची भीती

ही भीती लोक लवकर घालतात. खुणा अशा: थंड इंजिन चालू करून एक-दोन मिनिटांतच वरचा होज टणक होणं, रेडिएटरच्या गळ्यात न थांबणारे बुडबुडे, पाण्यावर तेलाची साय, गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, एखादा स्पार्क प्लग बाकीच्यांपेक्षा लख्ख धुतल्यासारखा. तेलाच्या झाकणाखाली थोडी पिवळट साय असणं मात्र पुरावा नाही. छोट्या-छोट्या फेऱ्यांत ती थंडीत जमतेच. डिपस्टिकवर दुधाळ तेल आलं तर तो पुरावा, आणि मग इंजिन चालूच करू नका. खात्री करायची तर निळ्या द्रवाची चाचणी करा: रेडिएटरमधली हवा त्यातून ओढतात आणि ज्वलनाचा वायू असेल तर पेट्रोल गाडीत द्रव पिवळा होतो. हेड उतरवावं लागलं तर ते सपाट आहे का हे मोजून घ्या. नुसतं नवीन गॅस्केट वाकड्या हेडवर टिकत नाही.

रस्त्यात काटा चढला तर

एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात. उन्हाळ्यात जीव नकोसा होतो, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. सुरक्षित जागी थांबा. वाफ नाही आणि फॅन फिरतोय तर इंजिन थोडा वेळ चालू राहू द्या. वाफ दिसली किंवा काटा लाल पट्ट्यात गेला तर बंद करा आणि किमान अर्धा-पाऊण तास वाट पाहा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की हेड किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

दुरुस्तीनंतर

कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, कंपनीने सांगितलेल्या प्रकारचं. दोन वेगळे प्रकार एकत्र करू नका. भरताना गाडीचं तोंड थोडं उंचावर ठेवा, हीटर गरमवर, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल. धार सलग येऊ लागली, बुडबुडे थांबले की स्क्रू आवळा आणि झाकण लावा. आता एसी बंद ठेवून गाडी जागेवरच चालू ठेवा आणि फॅन स्वतःहून चालू होऊन बंद होताना किमान दोनदा बघा. बाटलीवर पेनाने पातळीची रेघ मारा. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, आधी रेडिएटर आणि मग ती रेघ तपासा. पहिल्या सकाळी पातळी थोडी उतरलेली असते, कारण उरलेली हवा निघते. तिसऱ्या-चौथ्या सकाळीही उतरतच राहिली तर प्रेशर टेस्टर पुन्हा काढा.